नेसरी, मधमाश्या आणि पहिली पंधरा मिनिटं

वीकेंडला कुठे जायचं, हा प्रश्न आपल्याला गुरुवारी लंच टेबलवर पडतो आणि शुक्रवारी संध्याकाळपर्यंत त्याचं उत्तर लोणावळा असं येतं. तीच चिक्की, तेच भजी, तेच एक्स्प्रेसवेवरचं ट्रॅफिक. याचा कंटाळा आला असेल तर मॅपवर कोल्हापूरच्या खाली बोट सरकवा. गडहिंग्लजच्या पुढे, चंदगडच्या वाटेवर, नेसरी नावाचं गाव आहे. रिसॉर्ट नाही, रोप-वे नाही, फोटोसाठी टांगलेला झोका नाही. लाल माती, ऊस, काजूची झाडं आणि तुमची गाडी बघून ‘कुठनं आलासा?’ असं हमखास विचारणारी माणसं. बस्स!

नाव मात्र तुम्ही शाळेतच ऐकलंय. सरनोबत प्रतापराव गुजरांनी उमराणीला कोंडीत सापडलेल्या बहलोलखानाला सोडून दिलं, ते १६७३ साली. खान उलटला, पुन्हा मुलूख मारू लागला आणि महाराज संतापले. मग २४ फेब्रुवारी १६७४, महाशिवरात्रीचा दिवस. प्रतापराव आणि सोबतचे सहा जण याच नेसरीच्या खिंडीत खानाच्या फौजेवर तुटून पडले. सातही जण कामी आले. पुढे साडेतीन महिन्यांच्या आत, ६ जूनला, रायगडावर राज्याभिषेक झाला. कुसुमाग्रजांनी कविता लिहिली, हृदयनाथांनी चाल लावली, लताबाई गायल्या आणि नेसरी घराघरांत पोचली. गाणं पाठ असलेल्यांपैकी नेसरीला किती जण गेलेत, हा प्रश्न एकदा तुमच्या ऑफिसमध्ये विचारून बघा. आमच्या फ्लोअरवर उत्तर शून्य आलं, म्हणून आम्ही निघालो.

आम्ही म्हणजे चौघं. मी, आमची ग्राफिक डिझायनर, एचआरमधली एक मैत्रीण आणि आमचा टेस्टिंगवाला. गाडी टेस्टिंगवाल्याची, त्यामुळे गाणी त्याची आणि मुक्कामही त्याच्या आत्याकडे. नेसरीजवळच्या एका वाडीत आत्यांचं कौलारू घर आहे. आत्यांचे मिस्टर, म्हणजे त्याचे मामा, शेती बघतात. पहिल्या दहा मिनिटांत ते आमचेही मामा झाले.

शनिवारची संध्याकाळ एकदम क्लास गेली. खिंडीतलं स्मारक बघितलं. तिथे उभं राहिलं की पहिल्यांदा जाणवतं ते तिथलं मोकळं आभाळ आणि वारा. हॉर्न नाही, गाईड नाही, सेल्फी पॉइंटचा बोर्ड नाही. सातच माणसं इथून घोड्यांना टाच मारून निघाली असतील, हा विचार आला की गप्पा आपोआप थांबतात. रात्री आत्यांच्या हातची ओल्या काजूची उसळ, नाचणीची भाकरी आणि आजऱ्याचा घनसाळ तांदूळ. या तांदळाला भौगोलिक मानांकन मिळालंय म्हणे! पहिल्या घासाला ते का मिळालं ते कळतं, चौथ्या घासाला डाएट विसरतं.

रविवार, सकाळी साडेदहा

मामा आम्हाला शेत दाखवायला घेऊन निघाले. फेब्रुवारीचा शेवट होता. बांधावर एक भलीमोठी सावर लाल फुलांनी पेटलेली, आणि तिच्या उंच फांद्यांना तीन काळी सुपं उलटी टांगल्यासारखी दिसत होती. आग्यामोहोळ. डिझायनर मोबाईल काढणार तोच मामांनी हात आडवा घातला. ‘तिकडं बघत हुबं ऱ्हाऊ नगासा. मुकाट्यानं पुढं चला.’

आम्ही मुकाट्याने पुढे गेलो. पण वर एक शिकारी पक्षी घिरट्या घालत होता, त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मोहोळ खाणारी घार असते, ती पोळ्यावर झडप घालते आणि निघून जाते. मागे राहतात खवळलेल्या माश्या आणि खाली सापडेल तो माणूस. आधी आवाज आला. डिझेल जनरेटर सुरू झाल्यासारखा. मग मामा ओरडले, ‘तोंड झाका आन् पळा!’

गाडी साधारण दोनशे मीटरवर असेल. शर्ट डोक्यावर ओढून, ओढणी तोंडाला गुंडाळून आम्ही सरळ रेषेत धावत सुटलो. वाटेत विहीर लागली तेव्हा टेस्टिंगवाला क्षणभर थबकला, तर मामांनी त्याची कॉलर धरून पुढे ओढला. सिनेमात हीरो पाण्यात उडी मारतो आणि माश्या निघून जातात. खऱ्या माश्या वर घिरट्या घालत राहतात आणि श्वासासाठी डोकं बाहेर काढलं की तिथेच चावतात. गाडीत शिरून काचा वर केल्या, आत आलेल्या चार-पाच माश्या नॅपकीनने मारल्या आणि मग हिशेब झाला. मला पाच, टेस्टिंगवाल्याला तीन, एचआरला बोटावर दोन, मामांना किती ते त्यांनी मोजलंच नाही. आणि डिझायनरला मनगटावर फक्त एक. ‘माझं स्कोअरकार्ड सगळ्यात बेस्ट’, असं ती हसत म्हणालीसुद्धा.

हा स्कोअर तेवढा लक्षात ठेवा.

काटा कसा काढायचा?

मधमाशी चावली की तिचा काटा आपल्या कातडीत अडकून राहतो. काट्याला उलटे दाते असतात, त्यामुळे माशी उडाली की काट्यासकट तिची विषाची पिशवीही तुटून मागे राहते. माशी मरते, पिशवीचे स्नायू मात्र चालू असतात आणि विष आत पंप होत राहतं. (गांधीलमाशीचं असं नसतं. तिचा काटा सरळ, म्हणून ती परत परत चावू शकते.)

आता आपण सगळ्यांनी कुठेतरी वाचलेलं असतं की काटा चिमटीत धरू नये, पिशवी दाबली जाते, क्रेडिट कार्डाने हळूच खरवडून काढावा. एचआरने खरंच पर्स उघडली आणि कार्ड शोधायला लागली. मामांनी तेवढ्यात नखाने तिचे दोन्ही काटे उडवून टाकले होते. मामा बरोबर होते! १९९६ साली ‘लॅन्सेट’ या मेडिकल जर्नलमध्ये व्हिशर, व्हेटर आणि कामाझिन या तिघा अमेरिकन संशोधकांनी हाच प्रश्न तपासला. खरवडलं काय आणि चिमटीत उपटलं काय, फरक पडत नाही. फरक पडतो तो उशिराने. बहुतेक सगळं विष पहिल्या वीसेक सेकंदांतच आत जातं. तेव्हा कार्ड राहू द्या पर्समध्ये. नख, चावी, बोट, जे हाताशी असेल त्याने काढा, फक्त लगेच काढा.

लगेच म्हणजे सुरक्षित जागी पोचल्यावर, हेही खरं. कारण चावताना माशी एक वास सोडते, पिकलेल्या केळ्यासारखा. त्यातलं मुख्य रसायन केळ्याच्या इसेन्समध्ये असतं तेच. तो वास म्हणजे बाकीच्या माश्यांना ‘इथेच, हाच तो’ असा मेसेज. एक माशी चावली की दहा का येतात, त्याचं कारण हे. म्हणून आधी धूम ठोकायची, मग काटे.

घरी पोचलो तोवर आत्यांनी ओसरीवर पूर्ण दवाखाना मांडला होता. चुना, हळद, झेंडूचा पाला आणि घासायला लोखंडी विळा. आता यावर शहरी चेहऱ्याने हसणं सोपं आहे. मी हसणार नाही, कारण विळ्याचं थंडगार पातं मानेवर टेकलं तेव्हा मला खरंच बरं वाटलं. त्यात लोखंडाची जादू नाही, गारव्याची आहे, आणि बर्फाचा तुकडा फडक्यात गुंडाळून लावला तर ते काम अजून चांगलं होतं. चुन्याचं म्हणाल तर, विष ॲसिडचं असतं आणि चुना ते मारतो अशी कल्पना आहे. पण मधमाशीच्या सुकवलेल्या विषातला जवळजवळ निम्मा भाग मेलिटिन नावाचं प्रथिन असतं आणि ते केव्हाच कातडीखाली पोचलेलं असतं. वरून लावलेला चुना तिथे जात नाही, उलट कातडी भाजू शकते. आत्यांचं मन मोडू नये म्हणून मी कपाळावर हळद लावून घेतली. कपाळावर माशी चावलीच नव्हती.

आत्यांची एक गोष्ट मात्र शंभर नंबरी. एचआरच्या ज्या बोटाला माशा चावल्या त्यातच अंगठी होती. आत्यांनी दुसरं काही करण्याआधी तिला मोरीत नेलं, साबण लावला आणि अंगठी काढली. तासाभरात ते बोट गाजराएवढं झालं. अंगठी तशीच राहिली असती तर ती कापावी लागली असती.

‘मला कसंतरीच होतंय’

हे वाक्य डिझायनरने उच्चारलं तेव्हा चावून दहा मिनिटंही झाली नव्हती. आधी तिच्या तळहातांना खाज सुटली. मग पोटावर, पाठीवर, जिथे माशी फिरकलीही नव्हती तिथे, गांधी उठल्या. ओठ जाड झाले. ती काहीतरी बोलली आणि आवाज तिचा वाटेना, सर्दी झाल्यासारखा घोगरा. ‘घसा आवळल्यासारखा वाटतोय’, ती म्हणाली आणि ओसरीच्या खांबाला धरून खाली बसली.

पाच माश्या चावलेला मी ठणठणीत उभा, आणि एक चावलेली ती अशी! हे कोडं नाही. विषाचा डोस आणि विषाची ॲलर्जी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिला लहानपणी एकदा मधमाशी चावली होती, तेव्हा नुसती सूज आली होती. शरीराने तेव्हाच ते विष ‘शत्रू’ म्हणून नोंदवून ठेवलं असावं. पुढच्या वेळी तेच विष आलं की शरीर इतकी आदळआपट करतं की रक्तवाहिन्या सैलावतात, बीपी कोसळतं, श्वासनलिका आवळते. याला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात. हा शब्द १९०२ मध्ये शार्ल रिशे या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या कामातून आला आणि १९१३ साली त्याला त्यावर नोबेल मिळालं.

आणि इथे आमच्यात वाद झाला. टेस्टिंगवाल्याने मोबाईलवर रूट लावला. ‘बेळगाव गाठू. नाहीतर सरळ कोल्हापूर. चांगल्या मोठ्या हॉस्पिटलला नेऊ.’ आपण शहरातले लोक असेच विचार करतो. मोठं म्हणजे चांगलं, एसी म्हणजे चांगलं, मल्टिस्पेशालिटी म्हणजे तर फारच चांगलं. एचआर म्हणाली, तिच्याकडे सेट्रिझिन आहे, ती देऊ आणि थोडा वेळ बघू.

मामांनी दोघांचंही ऐकून घेतलं नाही. ‘मोठ्या दवाखान्याचं मागनं बघू. आधी गावातल्या डाक्टरकडं. दम लागालाय पोरीला, दिसत न्हाई व्हय?’ आणि ते गाडीत पुढे जाऊन बसलेसुद्धा.

सहा मिनिटांत आम्ही गावातल्या एका छोट्या दवाखान्यात होतो. दोन खोल्या, एक लाकडी बाक, भिंतीवर कॅलेंडर. डॉक्टरांनी तिच्याकडे एकदा बघितलं, नाडी धरली, तिला कॉटवर आडवं केलं, पायांखाली उश्या घातल्या आणि कपाटातून एक छोटी काचेची कुपी काढली. ॲड्रेनलिन. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत, अर्धा मिली. मोजून काही सेकंदांचं काम. मग त्यांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. पाच मिनिटांत फरक पडला नाही तर दुसरा डोस द्यायचा, म्हणाले. दुसऱ्याची गरज पडली नाही. तिच्या ओठांचा रंग परत आला. दहा मिनिटांनी तिने विचारलं, ‘माझी पर्स कुठेय?’ आणि आम्ही तिघंही एकदम बोलायला लागलो.

नंतर पुण्याला आल्यावर मी याबद्दल वाचत बसलो, तेव्हा एक आकडा सापडला आणि तो अजून डोक्यातून जात नाही. इंग्लंडमधल्या एका डॉक्टरने ॲनाफिलॅक्सिसने दगावलेल्या माणसांच्या नोंदी तपासून २००० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. माशी किंवा गांधीलमाशी चावून ज्यांचा जीव गेला, त्यांच्यापैकी निम्म्या जणांचा श्वास किंवा हृदय पहिल्या पंधरा मिनिटांच्या आतच बंद पडलं होतं. पंधरा! नेसरीहून गडहिंग्लजच २०-२५ किलोमीटर आहे. कोल्हापूर गडहिंग्लजच्याही पुढे आणखी ७० किलोमीटर. उसाचे ट्रॅक्टर, दोन-दोन ट्रॉल्या, कारखान्याचा सीझन. हिशेब तुम्हीच करा.

त्या वेळी जीव वाचवणारं औषध म्हणजे ॲड्रेनलिन, आणि ते काही परदेशातून मागवावं लागत नाही. स्वस्त कुपी आहे, छोट्या गावातल्या दवाखान्यातही असते. सेट्रिझिनने खाज कमी होईल, गांधी बसतील, पण आवळलेला घसा ती मोकळा करत नाही आणि पडलेलं बीपी वर आणत नाही. तिच्या भरवशावर ‘थोडा वेळ बघू’ म्हणायचं नाही. त्वचेसोबत श्वास, घसा, पोट किंवा चक्कर यातलं काहीही सुरू झालं की थेट सगळ्यात जवळचा डॉक्टर. न्यायला गाडी नसेल तर १०८ लावा. २०१४ पासून महाराष्ट्रात ही मोफत ॲम्ब्युलन्स आहे. तोवर पेशंटला आडवं ठेवा, चालवू नका, एकदम उठवून बसवू नका. दम फारच लागत असेल तर टेकवून बसवा.

डॉक्टरांनी तिला लगेच सोडलं नाही, हेही सांगायला हवं. पहिली लाट ओसरल्यावर काही तासांनी दुसरी लाट येऊ शकते. त्यामुळे १०८ मधून गडहिंग्लजला, रात्रभर देखरेखीखाली. मोठं हॉस्पिटल लागतं ते इथे. मामा म्हणाले होते तसं, मागनं.

सोमवार ते शुक्रवार

सोमवारी मी ऑफिसला गेलो तो एक कान पुरीसारखा फुगवून. मीटिंगमध्ये बॉस माझ्या डोळ्यांत न बघता कानाशी बोलत होते. आणि मंगळवारी तो कान अजून मोठा! इथे बहुतेक लोक घाबरतात आणि केमिस्टकडून अँटिबायोटिक घेऊन येतात. घाबरू नका. चावल्याजागची सूज पहिले दोन दिवस वाढतच जाते, मग आठवडाभरात हळूहळू उतरते. ते विषाचं आणि शरीराच्या भांडणाचं काम असतं, जंतूंचं नव्हे. बर्फ, साधी वेदनाशामक गोळी, खाजेसाठी डॉक्टरांना विचारून अँटिहिस्टामाइन. रात्री घ्या, नाहीतर दुपारच्या प्रेझेंटेशनला डुलक्या ठरलेल्या. खाजवायचं नाही, आणि हे सगळ्यात अवघड. चार-पाच दिवसांनी सूज कमी होण्याऐवजी लाली पसरत गेली, ताप आला, पू झाला, तर मात्र डॉक्टर. डोळ्यात किंवा तोंडाच्या आत चावली असेल तर पहिल्याच मिनिटाला डॉक्टर.

कॅन्टीनमध्ये कुणाला कुठे जास्त दुखलं यावर चर्चा रंगली तेव्हा मी मायकल स्मिथची गोष्ट सांगून भाव खाल्ला. कॉर्नेल युनिव्हर्सिटीतल्या या विद्यार्थ्याने २०१४ मध्ये स्वतःच्या अंगावर २५ ठिकाणी मधमाश्या चावून घेतल्या आणि प्रत्येक जागेला दुखण्याचे मार्क दिले. पहिला नंबर नाकपुडीचा, मग वरचा ओठ. डोकं आणि दंड परवडले. पुढच्या वर्षी त्याला इग-नोबेल मिळालं. माझा कान कितव्या नंबरवर, ते मी बघितलं नाही.

गंमत बाजूला ठेवू. ॲलर्जी नसली तरी शेकड्याने माश्या चावल्या तर ते निव्वळ विषबाधेचं प्रकरण असतं. स्नायू फुटतात, त्यांचा कचरा किडनीत अडकतो, लघवी कोलासारखी गडद होते. माणूस पहिल्या दिवशी बोलता-चालता असतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी किडनी बसते. सापाच्या विषावर जशी लस मिळते तशी यावर मिळत नाही. त्यामुळे खूप माश्या चावलेल्या माणसाला, लहान मुलाला तर नक्कीच, बरं वाटत असलं तरी ॲडमिट करून रक्त-लघवी तपासत राहावं लागतं. ट्रेकला जाणाऱ्यांनी हे नीट वाचा. २०२५ च्या मार्चमध्ये शिवजयंतीच्या सुमारास शिवनेरीवर शिवभक्तांवर मधमाश्या उठल्या होत्या, आणि आपल्याकडे कडे-कपारी आहेत तिथे आग्या असतोच.

डिझायनरची रिकव्हरी वेगळ्या प्रकारची. अंग दोन दिवसांत बरं झालं, पण तिला पुढचे कित्येक दिवस टेरेसवर जायची भीती वाटायची. मॉलच्या ज्यूस सेंटरवर माशी दिसली तरी हात थरथरायचे. याची चेष्टा करू नये, एवढं आम्हाला न सांगता कळलं. ॲलर्जीच्या डॉक्टरांनी तिला लगेच टेस्टसाठी बोलावलं नाही. मोठ्या रिॲक्शननंतर चार ते सहा आठवडे थांबावं लागतं, त्याआधी टेस्ट फसवू शकते. विषाचाच अगदी बारीक डोस टप्प्याटप्प्याने देत शरीराला सवय लावण्याची एक उपचारपद्धती आहे. ती तीन ते पाच वर्षं चालते. ती घ्यायची का, यावर तिचा विचार चालू आहे. तोवर तिच्या बॅगेत डॉक्टरांनी लिहून दिलेल्या दोन कुप्या, सिरिंज आणि एक चिठ्ठी असते. परदेशी सिनेमात दिसतं ते पेनसारखं रेडीमेड इंजेक्शन आपल्याकडे सहज मिळत नाही. म्हणून डॉक्टरांनी तिला, आणि तिच्या आग्रहावरून आम्हा तिघांनाही, संत्र्यावर इंजेक्शन द्यायला शिकवलं. एचआरचा हात सगळ्यात स्थिर निघाला.

माश्यांची बाजू

निघायच्या आधी टेस्टिंगवाल्याने मामांना विचारलं, ते पोळं जाळून का टाकत नाही? मामा त्याच्याकडे अशा नजरेने बघत राहिले, जणू त्याने घर जाळायला सांगितलंय. ‘खुळा काय रं? माशा हायत म्हणून काजू धरतोय. तिच्या वाटंला आपण गेलो व्हतो, ती न्हाई आली आपल्या घरात.’

आग्या पेटीत राहत नाही. उघड्यावर, उंचावर, एकच मोठं पोळं बांधते आणि हंगाम संपला की सगळं बिऱ्हाड उचलून दुसरीकडे जाते. पेटीत राहते ती सातेरी. स्वभावाने गरीब. तिच्या जिवावर याच कोल्हापूर जिल्ह्यात, भुदरगड तालुक्यातलं पाटगाव हे ‘मधाचं गाव’ झालंय. असं पहिलं गाव महाबळेश्वरजवळचं मांघर, २०२२ सालचं. पुण्यात राहून ज्यांना हे शिकायचंय त्यांच्यासाठी गणेशखिंडीत केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, १९६२ पासून. आमच्यापैकी कुणी तिथे नाव नोंदवेल असं वाटत नव्हतं, पण डिझायनरने वेबसाइट उघडून बघितल्याचं मला माहीत आहे. पेट्या हाताळायची परवानगी तिला डॉक्टर देणार नाहीत. ती पोस्टर करून देणार आहे म्हणे.

जायचं असेल तर पुण्याहून कोल्हापूर, निपाणी, संकेश्वर, गडहिंग्लज आणि मग नेसरी असा रस्ता आहे. गडहिंग्लजच्या बाजारात लाल मिरची बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. वेळ असेल तर सामानगड करा, १८४४ चं गडकऱ्यांचं बंड तिथूनच पेटलं. कपडे फिक्या रंगाचे, डिओ-परफ्यूम घरी ठेवा, झाडाखाली सिगरेट किंवा चूल पेटवू नका आणि दगड तर अजिबात मारू नका. आणि गावात पोचल्यावर चहाच्या टपरीवर दोन गोष्टी विचारून घ्या. पोळी कुठल्या झाडाला आहेत, आणि रविवारी कुठल्या डॉक्टरचा दवाखाना उघडा असतो. चहावाला दोन्ही सांगतो. आम्हाला वर एक काजूची पुडीही मिळाली.